तितिक्षेचा आदर्श : वाल्डेमार हाफकिन

शीत-उष्ण, लाभ-हानी, मान-अपमान ही द्वंद्वे कोणालाही चुकलेली नाहीत. ती सोसून जो आपल्या कर्तव्यापासून ढळत नाही, त्यालाच गीतेने धीर पुरुष मानले आहे. ह्या सोसण्याच्या शक्तीला शास्त्रकार ‘तितिक्षा’ म्हणतात. तितिक्षा म्हणजे हतबल होऊन गप्प बसणे नव्हे. दुःख जाणवत असतानाही कर्तव्याचा धागा न तुटू देणे, हीच तितिक्षा होय.

२०२० साली कोरोनाच्या साथीत मुलांच्या शाळा बंद झाल्या, सवंगडी दुरावले आणि कित्येक घरांतील वडीलधारी माणसे गेली. अशा वेळी धीर कसा धरावा, हे मुलांना नुसत्या उपदेशाने कळत नाही, चरित्राने कळते. म्हणून, महामारीशी झुंजलेल्या एका थोर पुरुषाची ही कथा.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा नगरात एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेच्निकोव्ह ह्या प्रख्यात शास्त्रज्ञाजवळ त्यांचे अध्ययन झाले. विद्वत्ता असूनही स्वधर्म सोडल्यावाचून प्राध्यापकपद मिळणार नव्हते. त्यांनी पद सोडले, धर्म सोडला नाही. पुढे ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तेथेही प्रारंभी मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची जागा. ती त्यांनी कमी लेखली नाही. फावल्या वेळात प्रयोगशाळेत संशोधन चालू ठेवले. त्यातूनच पटकीवरील लस सिद्ध झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. सुमारे दोन वर्षांत गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना पटकीची लस टोचली. अखेर हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना परत जावे लागले. परंतु बरे वाटताच ते पुन्हा येथे आले.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला. लोक घरेदारे टाकून शहराबाहेर पळू लागले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईस पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व तिच्यासमोरची पडवी हीच त्यांची प्रयोगशाळा. एक कारकून व तीन शिपाई हाच त्यांचा परिवार. कामाचा ताण असह्य होऊन मदतनिसांपैकी एकाचे मन खचले, दोघे सोडून गेले. हाफकिन मात्र जागचे हलले नाहीत. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप भरला, वेदना झाल्या. पण ते डगमगले नाहीत. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात रोग कमी झाला. लोकांच्या मनातील भीती जावी म्हणून आगाखानांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्रयोगशाळेला प्रशस्त जागा मिळाली.

येथपर्यंतची कथा यशाची आहे आणि पुष्कळ पालक ती येथेच संपवतील. परंतु मुलांनी ऐकण्याजोगा भाग ह्यापुढेच आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. दोष प्रयोगशाळेचा ठरवला गेला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. कालपर्यंत ज्यांचा गौरव होत होता, त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अपकीर्तीचे दुःख किती तीव्र असते, हे गीतेचे वाचक जाणतातच.

ते दुःख हाफकिन यांनी सुमारे पाच वर्षे सोसले. सत्य उजेडात यावे म्हणून ते पुराव्यानिशी आपली बाजू मांडत राहिले. ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याची पुरेशी शुद्धी झाली नव्हती, ही गोष्ट पुढे स्पष्ट झाली. हिवतापाच्या संशोधनासाठी विख्यात असलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ १९०७ मध्ये त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. मनात अढी धरून दूर राहण्याऐवजी ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि निवृत्तीपर्यंत कलकत्त्यास काम करत राहिले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

ही कथा ऐकताना एखादे मूल विचारील, की त्या १९ माणसांचे काय? हा प्रश्न पालकांनी टाळू नये. हाफकिन निर्दोष ठरले, म्हणून ती माणसे परत आली नाहीत. लोकसेवेत एका क्षणाचे दुर्लक्षही केवढे अनर्थकारक होते, हे मुलांना स्पष्ट सांगावे. त्याचबरोबर हेही सांगावे, की तो अनर्थ घडला म्हणून लस टोचण्याचे कार्य सोडून दिले असते, तर प्लेगने आणखी कितीतरी घरे ओस पाडली असती.

परीक्षेत अपयश आले, कोणी खोटा आळ घेतला, घरात आजारपण आले, तर मुलाला रडू नकोस म्हणून दटावू नये. त्याला रडू द्यावे. मग जवळ घेऊन, आता आपल्या हाती कोणते काम उरले आहे, एवढेच विचारावे. एका खोलीत आणि पडवीत हाफकिन यांनी रोज हाच प्रश्न आपल्या कृतीने सोडवला. फळ कधी गौरवाच्या रूपाने आले, कधी लांछनाच्या. कर्म मात्र अखंड चालले. निष्काम कर्मयोगाचे हे बीज बालमनात रुजवणे, हीच पालकांची खरी गीतासेवा होय.