मोझरीची खंजिरी जपानात

धर्मप्रचारक म्हटला की सुशिक्षित वऱ्हाडी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो समुद्र ओलांडून इकडे आलेला पाद्री. तो आला, इथली भाषा शिकला, शाळा आणि दवाखाने काढून बसला. प्रचारकाने बाहेरून यावे आणि इथल्यांनी ऐकावे, असा जणू दंडकच पडून गेला होता. १९५५ साली या दंडकाला छेद देणारा एक प्रवास घडला. आजच्या तिवसा तालुक्यातील मोझरीहून एक माणूस जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेला आणि त्या परिषदेचा आरंभ त्याच्या खंजिरी-भजनाने झाला. हा माणूस म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

त्या वेळी महाराजांचे वय ४६ वर्षांचे होते. शालेय शिक्षण प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही इयत्तांपलीकडे गेलेले नव्हते. जपानला अणुबाँबच्या संहारातून बाहेर पडून अवघी दहा वर्षे झाली होती. शांततेवर बोलण्यासाठी त्या भूमीइतकी अवघड जागा दुसरी कोणती असणार? तेथील श्रोत्यांना मराठी ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु हाताच्या तळव्याने आणि बोटांनी चामड्यावर काढलेल्या बोलाला दुभाषी लागत नाही. विद्वानांच्या परिषदेत प्रबंध वाचणारे पुष्कळ असतात. वऱ्हाडच्या खेड्यात रात्र जागविणारे वाद्य तेथे वाजले, हे या घटनेचे वेगळेपण होय.

महाराष्ट्रातून धर्मविचारासाठी परदेशी गेलेले महाराज हे काही पहिले नव्हेत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, तेथे दोन वर्षे तौलनिक धर्मशास्त्र शिकले, १९०३ मध्ये आम्स्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेला उपस्थित राहिले आणि परत येऊन प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. शिंदे पदवीधर होते. प्रचारकाचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी ते विलायतेला गेले. तुकडोजींचा क्रम याच्या नेमका उलट आहे. त्यांचे प्रचारकपण आधी घडले, परदेश नंतर आला. ते जेथे घडले ती विद्यापीठे निराळी होती.

महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावतीजवळच्या यावलीचा. मूळ नाव माणिक, वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घर गरिबीचे. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव गुरूंनीच दिले. भाकरीच्या तुकड्याची आठवण करून देणारे हे नाव त्यांनी पुढे कधी टाकले नाही. देशभर मान्यता मिळाल्यावरही भजनाच्या शेवटी ते तसेच येत राहिले. पोरवयातच घर सोडून ते रामटेक, सालबर्डी आणि चिमूरकडील जंगलांत हिंडले. या भटकंतीभोवती चमत्कारकथांचे दाट रान वाढले आहे. ते बाजूला सारले तरी एक गोष्ट उरते: विदर्भातील खेडे, आदिवासी पाडा, बाजार आणि जत्रा हा सगळा मुलूख या तरुणाने पायाखाली घातला होता. कोणत्याही मिशनला आपला उमेदवार इतका तयार करून घेणे जमले नसते.

या मुलखाची स्थिती ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचे काम समजणे कठीण आहे. वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. येथील शेतकऱ्याचे भवितव्य एकोणिसाव्या शतकापासूनच दूरच्या बाजारांशी बांधले गेले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६० नंतर भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत पुन्हा तेच झाले. वऱ्हाडात जमीनधारा रयतवारी पद्धतीची असल्यामुळे मोठा जमीनदार हा येथला मुख्य प्रश्न नव्हता. येथे जमीन हातची जाई ती गहाणखतातून, सावकाराच्या वहीतून. भाव न्यूयॉर्क-लिव्हरपूलला ठरावा आणि कर्ज गावच्या पेठेत चढावे, या कात्रीत सापडलेल्या माणसाला दैववाद, दारू आणि कोर्टकचेरी या तीन वाटा मोकळ्या होत्या. याच मंदीच्या दशकात, १९३५ साली, सव्वीस वर्षांच्या तुकडोजींनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. पुढच्या वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून ते वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, सुमारे महिनाभर राहून आले.

त्यानंतरचे त्यांचे भजन बदलले असे म्हणण्यापेक्षा भजनाचा पत्ता बदलला असे म्हणावे. वैकुंठाकडे लागलेली दृष्टी गावच्या रस्त्यावर, विहिरीवर, उकिरड्यावर उतरली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी आणि खुद्द यावली येथे लोक गोळ्यांसमोर उभे राहिले. या भडक्यामागे खंजिरीही आहे, हे सरकारने अचूक ओळखले. महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सुटकेनंतर, १९४३ मध्ये, गुरुदेव सेवा मंडळाला संघटनेचे रूप आले.

या मंडळाची कार्यपद्धती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. परदेशी मिशनांचा कणा म्हणजे दूरच्या देशांतील चर्चच्या वर्गण्या. तो ओघ आटला की शाळा बंद, दवाखाना बंद. मोझरीच्या प्रचारकाजवळ असे भांडवल नव्हते. त्याने पहाटे उठायचे, सामुदायिक ध्यान करायचे, गाव झाडायचे, रामधून काढायची, दिवसा आपले पोटापाण्याचे काम करायचे आणि संध्याकाळी लोकांना सामुदायिक प्रार्थनेला बसवायचे. या प्रार्थनेत अमुक एका देवाचा हट्ट नव्हता, जातीप्रमाणे पंगत नव्हती. खर्च किती? एका झाडूचा आणि एका खंजिरीचा. बाकी सारे गावाच्या रिकाम्या वेळातून उभे राहायचे. शेतीप्रधान देशातील हंगामी बेकारी ही वाया जाणारी संपत्ती आहे, हे अर्थतज्ज्ञांनी १९५० नंतर मोठमोठ्या ग्रंथांत मांडले. महाराजांनी ते भजनात आधीच सांगून टाकले होते.

ज्या वर्षी जपानचा प्रवास झाला त्याच १९५५ साली ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्यांच्या या ग्रंथात ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, महिलोन्नती अशा विषयांना स्वतंत्र अध्याय आहेत. प्रचाराचा महिमा सांगणाराही एक आहे. देवदर्शनापासून सुरू होणारा हा ग्रंथ शौचकूप आणि सांडपाण्यापर्यंत येऊन पोहोचतो आणि तरीही त्याचे पारायण होते! आचार्यांना जे ओवीत बसविण्याचे धाडस झाले नसते ते येथे सहज बसले आहे.

तथापि भक्तिभावाने सारेच मान्य करावे असे नाही. गरिबी आणि श्रीमंती यांविषयी महाराजांची भिस्त शेवटी मनाच्या पालटावर होती. धनवंताने विश्वस्ताप्रमाणे वागावे, मजुराने कष्टात कसूर करू नये, दोघांनी गावाला कुटुंब मानावे, ही त्यांची मांडणी. विनोबांच्या भूदानासाठीही ते विदर्भात फिरले. येथे पुन्हा जपानची आठवण होते. महाराज ज्या देशात गेले त्या देशात १९४६ ते १९५० या काळात जमीनसुधारणेचा कायदा झाला होता, खंडाने कसल्या जाणाऱ्या जमिनीचा बहुतांश भाग कसणाऱ्यांच्या मालकीचा झाला होता. तेथे जमीन हलली ती हृदयपरिवर्तनाने नव्हे, तर परकीय सत्तेच्या छायेत केलेल्या कठोर कायद्याने. महाराजांनी तेथील शेते किती पाहिली याचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या विचारातील उणी बाजू दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. श्रमदानाने रस्ता होतो, त्या रस्त्यावरून बाजारात गेलेल्या कापसाला भाव मिळतोच असे नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्याजवळ पैसा होता, जीप होती, नकाशे होते आणि लोक नव्हते. कागदावरचा लोकसहभाग गावात कोठून आणावा, हा नियोजनकारांपुढचा पेच होता. १९५६ मध्ये गुलझारीलाल नंदांच्या पुढाकाराने भारत साधू समाज स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षपद तुकडोजींकडे आले, ते या पेचातूनच. देशातील साधूंना उत्पादक कामाला लावण्याची ही कल्पना फारशी फळली नाही. सगळेच साधू काही हाती झाडू घ्यायला तयार नव्हते. सरकारी आसनावर बसलेला प्रचारक हा खंजिरीवरच्या प्रचारकाइतका परिणामकारक ठरत नाही, एवढे मात्र त्यातून दिसले. याच जिल्ह्यात शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा अशा आसनांपासून सदैव लांब राहिले. त्यांनी सातासमुद्रापलीकडे जाण्याचाही कधी विचार केला नाही. दोघांची तुलना करून एकाला मोठे ठरविण्याचा मोह वऱ्हाडात पुष्कळांना होतो. तो निरर्थक आहे. एकाने कीर्तनातून माणूस हलविला, दुसऱ्याने माणसे जोडून मंडळे बांधली.

१९६२ च्या चिनी आक्रमणात आणि १९६५ च्या युद्धात महाराज सीमेवर जवानांपुढे गायले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी साठीही गाठलेली नव्हती. राज्य शासनाने त्यांच्या नावाने स्वच्छ गावांची स्पर्धा घेतली, २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. तिसऱ्या-चौथ्या इयत्तेशी शाळा सुटलेल्या माणसाचे नाव आता हजारो पदव्यांवर छापले जाते. पदवीधरांपैकी किती जणांनी ग्रामगीता उघडली असेल, हा प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षेत येत नाही.

कापसाचे भाव अजूनही दूर कोठेतरी ठरतात. १९९० च्या दशकापासून अमरावती जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत येऊ लागले आणि तिवसा तालुका त्याला अपवाद राहिला नाही. नागपूर-अमरावती हमरस्ता मोझरीतून जातो; कापसाच्या गाड्या त्याच रस्त्याने जिनिंगकडे जातात. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, महाराजांनी देह ठेवला त्या क्षणाला, भगव्या टोप्या घातलेला प्रचंड समुदाय तेथे उभ्याने स्तब्ध होतो. त्यात बहुसंख्य असतात ते कापूस वेचणीला आला असताना घरचे काम टाकून, गावोगावहून पायी आणि वाहनांनी आलेले शेतकरी.