भाऊसाहेबांचा गोवा : विकासाच्या वहीतील दोन रकाने

पणजीजवळ मिरामारच्या वाळूत, मांडवी जेथे समुद्राला मिळते त्या परिसरात, भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्याला विसाव्यासाठी मिळालेली ही जागा अर्थपूर्ण आहे. समुद्र, नदी आणि तिच्या पात्रातून लोहखनिज वाहणारे बार्ज या तिन्हींशी त्यांचे आयुष्य जोडलेले होते, आणि याच तिन्हींचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न ते मागे ठेवून गेले.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे एका सामान्य कुटुंबात झाला. हलाखीचे दिवस काढून त्यांनी व्यापारात आणि पुढे खाणव्यवसायात जम बसवला. हाती पैसा आला तरी बहुजन समाजाशी असलेली त्यांची नाळ तुटली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली आणि डिसेंबर १९६३ मधील पहिल्या निवडणुकीने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या हाती सत्ता दिली. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले.

मुक्त झालेल्या गोव्यात नियोजनाची परंपरा नव्हती. देशातील दोन पंचवार्षिक योजना संपून तिसरी सुरू झाली होती, तेव्हा कुठे हा प्रदेश त्या प्रवाहात आला. अर्थव्यवस्था आयात मालावर, खनिजावर आणि परदेशी गेलेल्या गोमंतकीयांच्या पैशावर उभी होती. अशा वेळी भाऊसाहेबांनी डोळ्यांना दिसतील आणि बोटांवर मोजता येतील अशी उद्दिष्टे ठेवली. गावात शाळा आहे का, वीज पोहोचली का, रस्ता झाला का, कुळाला संरक्षण मिळाले का, हे त्यांचे मापदंड होते. त्यांच्या काळात खेड्यापाड्यांत शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या आणि ज्या घरांत पाटी कधी आली नव्हती तेथील मुले अक्षरे गिरवू लागली. १९६४ च्या कूळ कायद्याने भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाखाली जमीन दिली. औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, औद्योगिक वसाहती आल्या आणि मांडवीवर पूल उभा राहिला.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा त्यांचा आग्रह ३४,०२१ मतांनी नाकारला गेला. मात्र अवघ्या काही आठवड्यांत त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा सत्तेवर बसवले. त्यांच्या राजकीय भूमिकेशी असहमत असलेल्यांनाही त्यांचे काम दिसत होते, हाच त्याचा अर्थ.

परंतु या वहीत दुसरा रकाना कोराच राहिला. खाडीकाठची खाजन जमीन हे त्याचे उदाहरण. खारे पाणी बांधाने अडवून आणि मानशीच्या दारांनी त्याची ये-जा नियंत्रित करून गोवेकरांनी शतकानुशतके तेथे भात आणि मासळी दोन्ही पिकवली. बांधांची देखभाल गावकारीची व्यवस्था करीत असे. कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला, पण जुनी व्यवस्था खिळखिळी झाल्यावर बांध कोणी राखायचा याचे उत्तर पुरेसे भक्कम मिळाले नाही. ठिकठिकाणी बांध फुटले आणि शेतांत खारे पाणी शिरले.

समुद्रातही हेच घडले. मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला सरकारी प्रोत्साहन मिळाले, ट्रॉलर आले, उत्पादन वाढले. रापण ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात मात्र मासळी कमी येऊ लागली. सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले आणि १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा करावा लागला. खाणींचा हिशेब त्याहून मोठा ठरला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २०१४ मध्ये वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घालून पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश दिला. जमिनीतून किती काढले एवढेच नव्हे, तर किती शिल्लक ठेवले हेही मोजायचे असते, हे अशा रीतीने न्यायालयाला सांगावे लागले.

याचे सारे खापर भाऊसाहेबांवर फोडणे अन्यायाचे होईल. पर्यावरण हा शब्दही तेव्हा सरकारी कागदांत क्वचितच येत असे. उलट, शिकारीचा शौक असलेल्या या नेत्याच्याच कारकिर्दीत साठच्या दशकाच्या अखेरीस मोले, बोंडला आणि खोतीगाव ही अभयारण्ये आकाराला आली. किनाऱ्याचे रक्षण करणारी अधिसूचना देशात १९९१ मध्ये निघाली, त्यापूर्वी दोन दशके गोव्याच्या डोंगरांत हे काम झाले होते.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांनी त्यांचा वारसा पुढे नेला. मुंडकारांना राहत्या घराचा हक्क देणारा कायदा १९७५ चा. भाऊसाहेबांच्या मनातील ते काम त्यांच्या पश्चात पूर्णत्वास गेले.

आज किनारी प्रदेशांच्या शाश्वत विकासाची उद्दिष्टे जाडजूड अहवालांतून ठरतात आणि निर्देशांकांनी मोजली जातात. भाऊसाहेबांची पद्धत साधी होती. जे मोजायचे ते शेवटच्या माणसाच्या दारात जाऊन मोजायचे. शाळेत गेलेल्या मुलाइतकीच शाबूत राहिलेल्या बांधाची आणि जाळ्यात आलेल्या मासळीची नोंद त्याच वहीत झाली, तर त्यांनी सुरू केलेला हिशेब पुरा होईल.