कल्याणची यमुना

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीविषयी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी जरा संकोचलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण कर्जतहून गाडीने कल्याणला उतरले की मला हटकून जोश्यांच्या यमुनेची आठवण होते. म्हटले, तिच्याविषयीच लिहावे.

यमुनेचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते बिजवर, वयानेही बरेच मोठे. सासरचे नाव आनंदी. बायकोला शिकवायचेच हा गोपाळरावांचा ध्यास. घरात वडीलधाऱ्यांची आडकाठी नको म्हणून त्यांनी बदली मागून घेतली ती आपल्या अलिबागला. पोरीने पुस्तक सोडून स्वयंपाकघरात वेळ घालवला तर ते मारीत. शिकण्यापायी मार खाणारी बायको आपल्यापैकी कोणी पाहिली असेल का? पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने त्या दिवसांची आठवण स्पष्ट काढली आहे. गोपाळरावांना देव म्हणावे की जाच म्हणावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. वेळेवर औषधपाणी झाले नाही आणि तो दहा दिवसांत गेला. माझी आजी खालापूरकडची. तिला मुले किती विचारले की ती सात सांगे. हयात चारच होती. बाईमाणसाला पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगवत नाही, म्हणून आपणच डॉक्टर व्हायचे, असे आनंदीबाईंनी मनाशी घेतले, ते त्या दहा दिवसांपासून.

गोपाळरावांनी मदतीसाठी मिशनऱ्यांना पत्रे लिहिली. धर्म बदला, असे उत्तर आले. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला. ना ओळख ना पाळख, तरी त्यांनी या मुलीला पत्र लिहिले, आजारपणात औषधेही धाडली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला (बंगालमधल्या) भरसभेत आनंदीबाईंनी आपण का जातो हे सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. एप्रिलमध्ये नवऱ्यावाचून बोटीत बसल्या. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी उभी होती. मावशीच्या घरी त्या मुलीसारख्या राहिल्या, पण खाणे शाकाहारी आणि अंगावर साडीच. मग फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या थंडीने प्रकृती ढासळली, क्षयाने धरले, तरी अभ्यास सोडला नाही. शेवटचा निबंध लिहिला तो हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणावर. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या दिवशी गोपाळराव आणि पंडिता रमाबाई समोर बसलेल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाची जागा त्यांना दिली होती. ती कधी भरली गेली नाही. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या त्या अंथरुणावरच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एकही रोगी त्यांच्या हातून बरा व्हायचा राहिला, याची मला फार चुटपुट लागते. काशीबाई कानिटकरांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले म्हणून आपल्याला हे सारे कळते.

गोपाळरावांनी अस्थी मावशीकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे एक दगड आहे. त्यावर आनंदीबाई जोशी हे नाव कोरले आहे, आणि त्याच्या आजूबाजूला मावशीच्या घरची माणसे.