गिअर न बदलता स्कूटर कशेडी घाट कशी चढते? युक्ती गाडीत आणली एका लोहाराच्या मुलाने

महाडहून पोलादपूर आणि पुढे कशेडी किंवा आंबेनळी घाट. स्कूटरवाल्याला गिअर बदलावा लागत नाही, चढ लागला की पुलीवरचा बेल्टच जागा बदलतो. ही युक्ती मोटारीत यशस्वी केली हॉलंडच्या ह्यूब व्हॅन डोर्ने यांनी.

जन्म १ जानेवारी १९००चा, गावाचे नाव चक्क ‘अमेरिका’! वडील लोहार. १९२८मध्ये ह्यूब यांनी आइंडहोव्हेनमध्ये छोटे वर्कशॉप काढले. आधी ट्रेलर, मग ट्रक. त्यातून ‘डाफ’ कंपनी उभी राहिली.

१९५८मध्ये ‘डाफ ६००’ आली. ५९० सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, क्लचचे पेडल नाही, रबरी बेल्टवर चालणारी. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर सरकतो. गंमत म्हणजे ही गाडी पुढे जेवढी पळते तेवढीच मागेही! हॉलंडमध्ये पुढे तिच्या उलट्या शर्यतीही रंगल्या.

पण चालवायला सोपी म्हणून तिच्यावर ‘म्हाताऱ्यांची गाडी’ असा शिक्का बसला. हे अन्यायाचेच होते. १९७५मध्ये मोटारींचा विभाग व्होल्वोकडे गेला. ह्यूब मात्र रबराऐवजी पोलादी बेल्टच्या मागे लागले होते. १९७९मध्ये ते वारले. तो बेल्ट लावलेली सुबारू जस्टी बाजारात आली १९८७मध्ये. आजच्या अनेक सीव्हीटी मोटारींत तोच पोलादी बेल्ट फिरतो.

हौशी मंडळी जुनी डाफ घेताना आजही आधी वाकून रबराला भेगा आहेत का, ते बघतात.