मागणे एक, उत्तर दुसरे : संत गोन्सालो गार्सिया यांचे प्रार्थनामय जीवन

द्रोणागिरीच्या डोंगरावर पोर्तुगीज काळातील किल्ल्याचे व चर्चचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पायथ्याशी करंजा बंदर आहे आणि पलीकडे सिडकोने वसविलेली द्रोणागिरीची नवी वसाहत. मुंबई-वसईकडून घराच्या शोधात पनवेल-उरणच्या बाजूला आलेल्या कॅथलिक कुटुंबांना हा डोंगर आता ओळखीचा झाला आहे. सोळाव्या शतकात करंजा हे बेट होते व त्याचा कारभार वसईच्या पोर्तुगीज अमलाखाली चालत असे. १५३५ च्या सुमारास फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो व त्यांचे सहकारी येथे आले आणि त्यांनी या बेटावर प्रार्थनामंदिरे उभारली. याच फ्रान्सिस्कन संघाचा झगा पुढे वसईच्या एका सुपुत्राने परिधान केला व त्याच झग्यात त्यांनी जपानमध्ये प्राण अर्पण केले. ते म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचे चरित्र आपण रक्तसाक्ष्याचे चरित्र म्हणून ऐकत आलो आहोत. आज आम्ही ते एका वेगळ्या दृष्टीने वाचू इच्छितो. परमेश्वराकडे मागावे कसे, आणि त्याचे उत्तर आले हे ओळखावे कसे, या प्रश्नाच्या दृष्टीने.

हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनासाठी लोटणारा जनसमुदाय आपण पाहतो. वांद्र्याच्या मोत माऊलीच्या चरणी कोणी मेणाचे घर वाहतो, कोणी मेणाचे बाळ, कोणी मेणाचा हात वा पाय. या श्रद्धेला हसणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आपले मागणे काय आहे हे स्पष्ट सांगण्याचे धैर्य त्या मेणाच्या लहानशा आकृतीत असते. प्रभू येशूनेही मागा, शोधा, ठोठवा अशीच शिकवण दिली आहे. मध्यरात्री शेजाऱ्याचे दार वाजवून भाकरी मागणाऱ्या मित्राचा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे, तर अन्यायी न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या विधवेचा दाखला अठराव्या अध्यायात. तेव्हा मागण्यात संकोच नको. अडचण पुढे उभी राहते. नऊ बुधवार होतात, नव्वद होतात, आणि दार उघडत नाही. अशा वेळी मनुष्य एकतर स्वतःला दोष देतो किंवा देवाला. गोन्सालो यांच्या आयुष्यात असे बंद दार वर्षानुवर्षे होते.

त्यांचा जन्म वसई येथे १५५६-५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई वसईची. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली होती व किल्ल्याच्या तटबंदीत निरनिराळ्या धर्मसंघांची चर्च व मठ उभे राहत होते. गोन्सालो यांचे शिक्षण तेथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले होते आणि त्यांच्या मृत्यूनंतरही जपानचे नाव येशूसंघाच्या प्रत्येक शाळेत आदराने घेतले जात असे. अशा वातावरणात वाढलेला मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १५७२ साली, येशूसंघीयांबरोबर जहाजाने जपानला गेला. वसईच्या बंदरातून निघालेल्या त्या मुलाच्या मनात एकच मागणे होते : आपणही येशूसंघीय व्हावे.

जपानी भाषा त्यांनी फार लवकर आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून राबले. लोकांना धर्मशिक्षण देणे, परदेशी धर्मगुरूंचे बोल जपानी श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे, अशी ती सेवा होती. संघात प्रवेश मिळावा ही विनंती त्यांनी पुन्हापुन्हा केली. आशा दाखविली गेली व पुन्हापुन्हा लांबणीवर टाकली गेली. त्या काळी युरोपबाहेर जन्मलेल्यांना, विशेषतः मिश्र वंशाच्या तरुणांना, धर्मसंघात घेण्याबाबत अनेक वरिष्ठांच्या मनात किंतु होता, ही गोष्ट ख्रिस्तसभेच्या इतिहासाने लपविलेली नाही. ज्या भाषेसाठी व ज्या कष्टांसाठी गोन्सालो सर्वांना हवे होते, त्याच घरात त्यांना सदस्य म्हणून जागा नव्हती.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. प्रार्थना ऐकली जात नाही असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा देव आणि आपण एवढेच दोघे आपल्या डोळ्यांपुढे असतात. प्रत्यक्षात मध्ये माणसे असतात, त्यांचे पूर्वग्रह असतात, संस्थांचे नियम असतात. मनुष्याने दिलेला प्रत्येक नकार हा देवाचाच नकार आहे असे समजणे ही श्रद्धा नव्हे. गोन्सालो यांनी तसे समजल्याचे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसत नाही.

ते तेथून बाहेर पडले आणि व्यापारी झाले. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा व्यापार वाढला, पैसा आला, ओळखी झाल्या. काही चरित्रकार ही वर्षे घाईने ओलांडतात, जणू संताच्या आयुष्यातील तो अडचणीचा भाग आहे. आम्हांला तसे वाटत नाही. ज्यांना आठवड्याचे सहा दिवस कार्यालयात, गोदीत, दुकानात किंवा शेतावर घालवावे लागतात, अशा आपल्यासारख्या भाविकांना या वर्षांतच गोन्सालो सर्वाधिक जवळचे वाटावेत. मागितलेले मिळाले नाही म्हणून ते कडवट झाले नाहीत आणि काम करायचेही थांबले नाहीत. परमेश्वराच्या सेवेची ओढ हिशेबाच्या वह्यांखाली दबून गेली नाही. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समधील मनिला येथे जात-येत असत. तेथे त्यांचा फ्रान्सिस्कन संन्याशांशी निकटचा परिचय झाला. त्यांच्या गरिबीच्या व्रताने व आजाऱ्यांच्या सेवेने हा यशस्वी व्यापारी भारावला. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले.

म्हणजे उत्तर आले, परंतु दुसऱ्या दाराने. मागितला होता येशूसंघ, मिळाला संत फ्रान्सिसचा झगा. मागितले होते जपान, आणि तेच तर मागे सुटले होते.

हिप्पोच्या संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मनिवेदनात आपल्या आईविषयी अशीच एक गोष्ट नमूद केली आहे. मुलाने समुद्र ओलांडून रोमला जाऊ नये म्हणून संत मोनिका रात्रभर प्रार्थना करीत होती. त्याच रात्री ऑगस्टिन तिला न सांगता जहाजात बसून निघून गेले. त्या रात्रीचे मागणे देवाने नाकारले. पण तिचे खरे मागणे मुलाच्या परिवर्तनाचे होते आणि ते इटलीतच, मिलान येथे, पूर्ण झाले. पुढे प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी लिहिलेल्या दीर्घ पत्रात ऑगस्टिन यांनी सांगितले की, आपल्याला काय हवे हे देवाला कळविण्यासाठी प्रार्थना नसते, कारण ते त्याला ठाऊकच असते. देव जे देऊ इच्छितो ते सामावून घेण्याइतके आपले अंतःकरण प्रार्थनेने विस्तारते. मागण्याच्या पोटात आणखी एक मागणे असते. गोन्सालो यांना येशूसंघ हवा होता तो कशासाठी? ख्रिस्तासाठी सर्वस्व देता यावे म्हणून. आतले मागणे ओळखता आले, तर बाहेरचे बदलले तरी मनुष्य कोसळत नाही.

सुटलेले जपानही परत मिळाले. फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठविले. प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता. त्यांना जपानी येत नव्हते. दुभाषी म्हणून कोण? आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबलेले गोन्सालो. ज्या वर्षांना जगाने अपयश म्हटले असते, त्या वर्षांत शिकलेली भाषा आता संपूर्ण मोहिमेचा आधार ठरली. १५८७ साली धर्मप्रसारकांना देश सोडण्याचे फर्मान काढणाऱ्या हिदेयोशीपुढे उभे राहून एकेक शब्द तोलून भाषांतरित करणे हे सोपे काम नव्हते. परिस्थिती अधिकच नाजूक होती, कारण १५८५ साली परमगुरुस्वामींनी जपानचे मिशनकार्य केवळ येशूसंघाकडे सोपविले होते; दोन्ही संघांत त्यावरून कुरबुर होती. हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना राहण्याची अनुमती दिली. क्योतो येथे मठ व चर्च उभे राहिले, आणि कुष्ठरोगी व गोरगरीब यांच्यासाठी रुग्णालये सुरू झाली. मनिलात आजाऱ्यांच्या ज्या सेवेने त्यांना आकृष्ट केले होते, तीच सेवा आता त्यांच्या जपानमधील मठाच्या दाराशी चालू होती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावर, तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. धर्मप्रसारक हे स्पॅनिश आक्रमणाची पूर्वतयारी करणारे लोक आहेत असा संशय बळावला आणि डिसेंबरमध्ये अटकसत्र सुरू झाले. या जहाजावर फेलिपे दे हेसूस नावाचे एक तरुण मेक्सिकन फ्रान्सिस्कन होते. मनिलात त्या वेळी बिशप नसल्याने दीक्षाविधीसाठी ते मायदेशी निघाले होते. त्यांचे मागणे होते वेदी. त्यांना मिळाला क्रूस.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचे टोक कापून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडून संख्या सव्वीस झाली : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक. त्यांत वीस जपानी होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. मरणाच्या टेकडीवर पोहोचल्यावर त्याने आपला क्रूस कोणता एवढेच विचारले, असे परंपरा सांगते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रूसावर चढवून भाल्यांनी विंधण्यात आले. क्रूसावर चढविल्या गेलेल्यांत गोन्सालो पहिले होते असे मानले जाते. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

त्या टेकडीवरील एक तपशील आम्हांला नेहमी अंतर्मुख करतो. तिघा येशूसंघीयांपैकी गोतोचे योहान व याकोब किसाई या दोघांनी संघाची व्रते घेतली ती मृत्यूपूर्वी अगदी थोडा वेळ आधी. म्हणजे ज्या कृपेसाठी गोन्सालो यांनी तरुणपणी वर्षानुवर्षे हात पसरले, ती कृपा त्यांच्याबरोबर क्रूसावर चढलेल्या दोघांना मिळाली होती. प्रार्थनेची याहून कठीण परीक्षा कोणती? शेजाऱ्याच्या घरी पाळणा हलतो, त्याच्या मुलाला परदेशी नोकरी लागते, त्याचा कर्करोग बरा होतो. आणि तीच नोव्हेना आपणही केलेली असते. अशा वेळी दुसऱ्यासाठी देवाचे आभार मानता येतात का? निशिझाकावर झगे वेगवेगळे होते, संघांतील जुने वाद विझलेले नव्हते, पण स्तोत्रे एकत्र गायिली गेली.

गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने प्याला टळावा अशी विनवणी केली आणि अखेरीस पित्याच्या इच्छेला होकार दिला. ती विनवणी खोटी नव्हती, आणि होकारही वरवरचा नव्हता. म्हणून आजारी मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या आईला, आधी देवाची इच्छा म्हण आणि मग माग, असे सांगणे आम्हांला निष्ठुरपणाचे वाटते. तिने मुलाचे आयुष्य मागावे, रडून मागावे, औषधोपचारात कसूर न करता मागावे. होकार हा रोज थोडा थोडा शिकण्याचा विषय आहे. गोन्सालो यांना तो शिकायला वसई ते नागासाकी एवढा प्रवास करावा लागला.

१४ सप्टेंबर १६२७ रोजी परमगुरुस्वामी आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले व ८ जून १८६२ रोजी परमगुरुस्वामी नववे पायस यांनी या सव्वीसही रक्तसाक्ष्यांना संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेले गोन्सालो हे पहिले संत होत. मधल्या काळात, १७३९ साली, वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला. द्रोणागिरीही त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या हातून गेली. किल्ल्यातील चर्च ओस पडली. वसई परिसरात गास येथील चर्च आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने आहे. आणि वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांचे जे जुने चर्च होते, ज्या संघाचे दार त्यांच्यासाठी कधीच उघडले नाही, ते चर्च लोक आज ‘गोन्सालो गार्सिया चर्च’ म्हणूनच ओळखतात.