सायकलवाले लक्ष्मणराव

किर्लोस्कर म्हटलं की काय आठवतं? शेतातला पंप, डिझेल इंजिन, नाहीतर कॅम्पस इंटरव्ह्यू! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, मला तर हे नाव फक्त पंपावर वाचून माहीत होतं. पण या सगळ्याची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, चित्रकलेची आवड, म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं स्वप्न संपलं. मग त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले.

सायकल तेव्हा नवलाची गोष्ट, किंमत ७०० ते १००० रुपये! लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, बेळगावात भाऊ रामूअण्णा विकायचे. चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. दुकान १८८८ सालचं, लक्ष्मणराव तेव्हा १९ वर्षांचे. म्हणजे आपल्याच वयाचे की!

त्या सायकलींना डायनॅमो नव्हता, तेलाचे दिवे असायचे. डायनॅमोचं दुखणं मी इथे संभाजीनगरला माझ्याच सायकलवर पाहिलं. सायकल जुनी, रंग नवा, दिवा बंद. बल्ब चांगला, वायरही चांगली. पण डायनॅमोपासून दिव्याला वायर एकच जाते, करंट परत येतो फ्रेममधून. त्यासाठी डायनॅमोच्या पट्टीचा टोकदार स्क्रू फ्रेमच्या लोखंडात रुतावा लागतो. तो नुसता रंगावर टेकला होता. दिव्याच्या बॉडीपासून डायनॅमोच्या बॉडीपर्यंत एक सुटी वायर धरली, चाक फिरवलं, आणि दिवा लागला! मग स्क्रूखालचा रंग खरवडला, काम झालं. रंगाने वाट अडवली तेव्हा लक्ष्मणरावांनीही अशीच दुसरी वायर टाकली, असं उगाच मनात आलं. असो.

१८९७ साली त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. आमच्या बॅचचे निम्मे डोळे वाळूजच्या कंपन्यांकडे लागलेले, त्यामुळे हे वाचून मी जरा गप्पच झालो. पक्की नोकरी सोडून हा माणूस बेळगावच्या दुकानात येऊन उभा राहिला! तिथेच छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. दोन वर्षं नांगर तसेच पडून. तरी कारखाना बंद केला नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

पुढे नगरपालिकेने बेळगावची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. नुसता माळ, निवडुंग आणि साप! १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. सांगलीकडून पुण्याला रेल्वेने येताना ते स्टेशन लागतं, आता त्याचं नावच किर्लोस्करवाडी आहे.