मैफल एकट्याची नव्हे

फ्रेडी मर्क्युरी म्हटले की हाताच्या एका इशाऱ्यावर हजारोंना गायला लावणारा मिशीवाला गायक डोळ्यांपुढे उभा राहतो. पण १९५८ साली पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, तेव्हा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारूख बलसारा पियानोवर साथ करी. त्याच्या पुढील कारकिर्दीचे मर्म मला या साथीतच दिसते.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधल्या पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९६४ च्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला आले. तेथे ईलिंगच्या कला महाविद्यालयात तो ग्राफिक डिझाइन शिकला. १९६९ मध्ये ‘आयबेक्स’, त्याचेच बारसे बदलून ‘रेकेज’, मग ‘सावर मिल्क सी’. एकही बँड टिकला नाही. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’चा गायक सोडून गेला आणि ती जागा फ्रेडीने घेतली. ‘क्वीन’ हे नाव त्याचे, बोधचिन्हही त्यानेच रेखाटलेले. मर्क्युरी हे आडनावही तेव्हाचेच. १९७१ मध्ये जॉन डीकन बेस गिटार घेऊन आला आणि चौकडी जमली.

या चौकडीचे वैशिष्ट्य असे, की चौघेही गाणी रचणारे. तेव्हा फ्रेडीचे गाणे केवळ फ्रेडीचे म्हणून कोण खपवून घेणार? १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे त्याने रचले. त्यातला ऑपेरासारखा प्रचंड समूहस्वर म्हणजे फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज, फितीवर पुन्हापुन्हा चढवलेले. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

१९८५ मध्ये त्याने ‘मिस्टर बॅड गाय’ ही स्वतंत्र तबकडी काढली. आवाज तोच, हौसही दांडगी. पण क्वीनच्या तबकड्यांइतकी ती चालली नाही. मला ती ऐकताना वाटते, येथे अडवणारे कोणी नव्हते. त्याच वर्षी १३ जुलैला वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमात क्वीनला वीसेक मिनिटे मिळाली. त्याने एक तान घ्यावी आणि साऱ्या मैदानाने ती परत करावी, असा सवाल-जवाब रंगला!

१९८७ मध्ये एड्सचे निदान झाले. पुढच्याच वर्षी स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्याबरोबर ‘बार्सेलोना’ निघाली. क्वीनबाहेरचे त्याचे सर्वांत सरस काम मी हेच मानतो, आणि ती जुगलबंदी आहे.

आजार त्याने जगापासून लपवला. २३ नोव्हेंबर १९९१ ला तो जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

१९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ‘मेड इन हेवन’ पुरी केली. ‘मिस्टर बॅड गाय’मधली दोन गाणी घेऊन त्यांनी फ्रेडीच्या आवाजाभोवती नव्याने वाद्ये वाजवली. जिज्ञासूंनी दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत. याच तबकडीतले ‘मदर लव्ह’ त्याने १९९१ मध्ये मॉन्त्रो येथे गायले होते. थकवा आला, म्हणून शेवटचे कडवे नंतरसाठी ठेवून तो उठला. ते कडवे पुढे ब्रायन मेने गायले.